तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, चित्रं आणि सिनेमा : हे सगळं एका नोकरीत बसतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तत्त्वज्ञानात एमए झालंय, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) ही निघाली आहे, आता पीएचडीला नोंदणी करायची आहे. चित्रांचं वेड लहानपणापासूनचं, सिनेमाचं कॉलेजच्या फिल्म क्लबपासूनचं. ज्यांच्याकडे पीएचडी करायची ते सर म्हणाले, 'विषय कांट घ्या नाहीतर शंकराचार्य घ्या, सिनेमा छंद म्हणून राहू द्या.' तर तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला कला आणि सिनेमा हे आपलं काम म्हणून करता येतं का? आणि केलं तर नोकरीत मागे पडायला होतं का?

मी तत्त्वज्ञान शिकवण्यातच हयात घालवली आणि सौंदर्यशास्त्राचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडे होता. माझं उत्तर 'येतं' असं आहे. पण ज्यांना हे खरोखर साधलं त्यांची कारकीर्द जवळून पाहिली की लक्षात येतं, नुसती आवड जपून ते झालेलं नाही. त्यांच्या डोक्यात तत्त्वज्ञानाचा एक प्रश्न आधीच घर करून बसला होता. चित्र किंवा सिनेमा त्या प्रश्नाला येऊन भिडला. तुमच्या सरांचा सल्ला मला अर्धाच पटतो तो यामुळे. कांट घ्याच, पण सिनेमा कपाटात ठेवायची गरज नाही.

या वाटेवर निघालेल्या प्रत्येकाला अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल हे नाव सांगितलं जातं. त्यांची पुस्तकं सुचवणारे बरेच भेटतात, त्यांची नोकरी कशी झाली हे मात्र कोणी सांगत नाही. तुमचा प्रश्न नोकरीचाही आहे, म्हणून तेच आधी.

कॅव्हेल १९२६ साली अमेरिकेत अटलांटाला जन्मले. आई व्यावसायिक पियानोवादक. स्वतः सॅक्सोफोन वाजवायचे, बर्कलीच्या विद्यापीठातून संगीताची पदवी घेतली आणि संगीतरचना शिकायला न्यूयॉर्कला ज्युलियार्ड या संगीतशाळेत गेले. तिथे त्यांना कळून चुकलं की संगीतकार होणं हे काही आपलं काम नाही. मग वर्ग बुडवून सिनेमे आणि नाटकं पाहणं आणि फ्रॉइड वाचणं असा काळ गेला. आपल्याकडच्या पालकांच्या भाषेत, पोरगं वाया गेलं. तिथून ते तत्त्वज्ञानाकडे वळले, आधी लॉस एंजेलिसला, मग हार्वर्डला. १९५५ मध्ये ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन व्याख्यानं द्यायला हार्वर्डला आले. आपण रोज जे बोलतो ते कधी, कोणाला आणि कशासाठी बोलतो हे बारकाईनं पाहिलं तर तत्त्वज्ञानातल्या कित्येक गाठी कुठे बसल्या ते दिसतं, अशी ऑस्टिनची पद्धत. ती ऐकून कॅव्हेलनी प्रबंधाचा आधी ठरवलेला विषयच सोडून दिला.

पुढचं वेळापत्रक बघा. १९५६ पासून बर्कलीत अध्यापन, पीएचडी १९६१ मध्ये, १९६३ मध्ये पुन्हा हार्वर्ड आणि मग १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच. पहिलं पुस्तक १९६९ मध्ये आलं, वयाची चाळिशी उलटल्यावर. सिनेमावरचं पहिलं पुस्तक, 'द वर्ल्ड व्ह्यूड', १९७१ चं. ज्या प्रबंधावर पीएचडी मिळाली त्यावर काम करत करत त्यांनी 'द क्लेम ऑफ रीझन' हा मोठा ग्रंथ १९७९ मध्ये काढला, म्हणजे अठरा वर्षांनी. आपल्याकडच्या बढतीच्या फॉर्ममध्ये दरवर्षी किती शोधनिबंध झाले त्याचा रकाना असतो. त्यात हा माणूस काय भरणार होता देव जाणे.

पण या वेळापत्रकात एक गोष्ट दडलेली आहे. सिनेमावर लिहायच्या आधी कॅव्हेल सामान्य भाषेच्या तत्त्वज्ञानातले, म्हणजे ऑस्टिनच्या त्या पद्धतीतले, नाव घ्यावेत असे अभ्यासक झाले होते. त्यांचा कळीचा प्रश्न होता संशयवादाचा. समोरच्याला वेदना होताहेत हे मला खात्रीनं कसं कळणार? शंभर वर्षं तत्त्वज्ञ यावर पुरावे मागत आणि देत बसले होते. कॅव्हेल म्हणाले, इथे अडचण माहितीच्या तुटवड्याची नाहीच. समोरचा कण्हतो आहे, मला ते दिसतंय. आता मी त्याची दखल घेतो की तोंड फिरवतो, एवढंच उरतं. तोंड फिरवून वर 'पण मला खात्रीनं कुठे माहीत आहे?' असं म्हणायची सोय म्हणजे संशयवाद. हे त्यांनी विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञावर लिहिताना मांडलं आणि त्याच काळात शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'वर लिहितानाही मांडलं. लिअर राजाला धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, प्रेम कळत नाही असं नाही. ते कबूल करायचं धाडस त्याच्यात नाही.

आता हा संशयवादी माणूस सिनेमाच्या थिएटरात जाऊन बसतो. पडद्यावरचं जग त्याच्या समोर आहे, पण तो त्या जगाच्या समोर नाही. नाटकात नटाला प्रेक्षक दिसू शकतो, खोकला ऐकू येतो. सिनेमात आपण पाहतो आणि आपल्याला कोणी पाहत नाही. समोर काय चाललंय त्यात आपण काही करू शकत नाही आणि करायची जबाबदारीही आपल्यावर येत नाही. म्हणजे जगापासून तुटून त्याला नुसतं बघत राहण्याची संशयवाद्याची जी अवस्था, ती सिनेमा आपल्याला तिकीट काढून देतो आणि वर आनंदही देतो. हा आनंद कसला? 'द वर्ल्ड व्ह्यूड' या प्रश्नाभोवती फिरतं. पुस्तक अवघड आहे, वाक्यं वळणावळणाची आहेत, आणि पहिल्या वाचनात अर्धं डोक्यावरून गेलं तर घाबरू नका. माझं अजूनही काही पानांशी जमत नाही.

ते लिहिलं गेलं तेव्हा व्हिडिओ घरोघरी नव्हता. सिनेमा थिएटरात पाहायचा, जमलं तर पुन्हा पाहायचा आणि घरी येऊन आठवणीतून लिहायचं. साहजिकच काही दृश्यांची वर्णनं चुकली. १९७९ मध्ये वाढवलेली आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी मूळ मजकूर तसाच ठेवून चुका कबूल केल्या. आठवणीनं काय बदललं हाही सिनेमा पाहण्याच्या अनुभवाचाच भाग आहे, ही त्यांची भूमिका. आज तुमच्या लॅपटॉपवर दृश्य दहा वेळा मागे नेऊन पाहता येतं. त्यामुळे आठवणीतून चुकायची सवलत तुम्हाला नाही.

वर्णनावर मी एवढा जोर का देतोय ते एका उदाहरणावरून सांगतो. १९८१ च्या 'परस्यूट्स ऑफ हॅपिनेस'मध्ये कॅव्हेल हॉलिवूडच्या १९३० आणि ४० च्या दशकांतल्या सात विनोदी चित्रपटांवर लिहितात. त्यातला एक म्हणजे फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट', १९३४ चा. आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही. 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) त्याच्यावरूनच निघाले. बापाच्या बोटीवरून उडी मारून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार. पावसामुळे रस्ता बंद, रात्र एका खोलीत काढायची, खाटा दोन. पत्रकार मधे दोरी बांधतो आणि तिच्यावर ब्लँकेट टाकतो. या पडद्याला तो बायबलमधल्या जेरिकोच्या भिंती म्हणतो.

आपण हे दृश्य बघून हसतो आणि पुढे जातो. कॅव्हेल थांबतात. ब्लँकेटनं ती दिसेनाशी होते, पण तिच्या हालचालीनं ब्लँकेट हलतं, आवाज येतात, तिचे कपडे त्यावर येऊन पडतात. जे झाकलंय त्याची जाणीव झाकल्यामुळेच वाढते. हा पडदा सेन्सॉरसारखा आहे आणि सिनेमाच्या पडद्यासारखाही. आणि मग कांट येतो : मानवी ज्ञानाला एक सीमा आहे, ती ओलांडायची ओढ आपल्याला लागलेलीच असते. पुढे आणखी एका रात्री पत्रकार आपल्या खाटेवर पडल्या पडल्या आपल्या मनातल्या बाईबद्दल बोलत असतो, समुद्र, बेट, चांदण्या वगैरे. ते ऐकून ती खरीखुरी मुलगी ब्लँकेटच्या या बाजूला येऊन उभी राहते. आणि हा तिला परत जायला सांगतो. मनातली बाई आणि समोर उभी असलेली बाई एकच, हे त्याला त्या क्षणी जुळवता येत नाही. समोरच्याची दखल घेणं की टाळणं, हाच तो प्रश्न.

इथे कांटचं नाव घेतल्यावर नाक मुरडणारे पुष्कळ होते. कॅव्हेलनाही ते ठाऊक होतं. काप्राशेजारी कांट बसवण्याचा अवघडलेपणा त्यांनी त्याच प्रकरणात मोकळेपणानं मांडला आहे. माझ्या मते कांट तिथे शोभतो, कारण आधी ब्लँकेटचं वर्णन नीट झालंय. वर्णन कच्चं असतं तर कांट म्हणजे नुसता मुलामा ठरला असता. आपल्याकडच्या बऱ्याच परिसंवादांत ऐकायला मिळणारे 'अमुक चित्रपटातील अस्तित्ववाद' छापाचे निबंध इथेच आपटतात. दोन परिच्छेद कथानक, दोन परिच्छेद सार्त्र, आणि दोघांची गाठ कुठेच पडलेली नाही. सिनेमा काढून कादंबरी घातली तरी निबंध बदलत नाही.

कॅव्हेलवर टीकाही झाली. १९९६ च्या 'कॉन्टेस्टिंग टिअर्स'मध्ये त्यांनी स्त्रियांच्या रडारडीचे म्हणून हिणवले गेलेले चार चित्रपट घेतले, आणि या चित्रपटांवर आधी लिहिणाऱ्या स्त्रीवादी अभ्यासकांकडे त्यांनी पुरेसं लक्ष दिलं नाही अशी तक्रार पुस्तक यायच्या आधीपासून, सुटे लेख छापून येत होते तेव्हापासूनच झाली. तक्रारीत तथ्य आहे असं मला वाटतं. तत्त्वज्ञानातला माणूस दुसऱ्याच्या शेतात शिरतो तेव्हा तिथे आधी कोणी नांगरलंय का हे बघत नाही, ही आपल्या जमातीची जुनी खोड आहे. सिनेमावर लिहिणार असाल तर सिनेअभ्यासातलं लेखनही तेवढंच वाचावं लागेल. काम दुप्पट आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हार्वर्डच्या फिल्म आर्काइव्हच्या १९७९ मधल्या स्थापनेतही कॅव्हेलचा हात होता. दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक हे त्यांचे विद्यार्थी. मॅलिकनी आधी हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाच्या एका निबंधाचा अनुवाद केला आणि नंतर ते सिनेमाकडे गेले.

चित्रांकडे वळू. इथे अमेरिकन तत्त्वज्ञ आर्थर डँटोंची गोष्ट अधिक उपयोगी, कारण ते स्वतः कलाकार होते. डेट्रॉइटमध्ये कला शिकले, लाकडी ठशांची चित्रं करायचे, प्रदर्शनं व्हायची, चित्रं विकली जायची. १९५१ पासून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला लागल्यावरही काही वर्षं दोन्ही चाललं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ठसेकाम बंद केलं.

एप्रिल १९६४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत अँडी वॉरहॉल या कलाकाराचे ब्रिलोचे खोके पाहिले. ब्रिलो म्हणजे भांडी घासायच्या साबणाच्या घासण्या. दुकानात येणारे पुठ्ठ्याचे खोके असतात तसेच दिसणारे, पण प्लायवूडचे, वर स्क्रीन प्रिंटिंग केलेले. गॅलरीत ते गोदामात रचतात तसे रचलेले. डँटोंनी विचारलं : हे कला आणि दुकानातलं ते कला नाही, असं का? डोळ्यांना तर फरक दिसत नाही. गंमत अशी की दुकानातला मूळ खोका ज्यानं डिझाइन केला तो जेम्स हार्वे स्वतः अमूर्त चित्रकार होता, आणि पोटापाण्यासाठी डिझाइनचं काम करायचा. डँटोंचं उत्तर त्याच वर्षी लेखातून आलं : एखादी वस्तू कला म्हणून दिसायला डोळ्यांपलीकडचं काहीतरी लागतं, कलेच्या सिद्धांताचं वातावरण लागतं, कलेच्या इतिहासाची जाण लागते.

हे सगळे सांगतात. आता न सांगितलं जाणारं ऐका. डँटो त्या वेळी कृती या विषयावर विचार करत होते. माझा हात वर जातो आणि मी हात वर करतो, या दोन्हींत बाहेरून दिसायला काहीच फरक नाही, पण एक नुसती हालचाल आहे आणि दुसरी कृती. दिसायला सारख्या दोन गोष्टी आणि तरी जातीनं वेगळ्या, हा साचा त्यांच्या डोक्यात पक्का होता. म्हणून गॅलरीत इतरांना जिथे चेष्टा दिसली तिथे त्यांना आपला प्रश्न दिसला. पुढे १९७९ मध्ये सिनेमावर लिहितानाही तोच साचा : पुस्तकाच्या एका पानाचा स्थिर चित्रपट आणि त्याच पानाची स्लाइड, दोन्ही दिसायला सारखीच, पण चित्रपटात काहीतरी हलेल अशी वाट पाहणं रास्त आहे, स्लाइडच्या बाबतीत ते खुळेपणाचं आहे. १९८४ पासून पंचवीस वर्षं 'द नेशन' या साप्ताहिकात ते कलासमीक्षा लिहीत होते. प्राध्यापक वर्तमानपत्री लिहितो म्हणून त्यांचं वजन कमी झालं नाही, कारण इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरचं आणि नीत्शेवरचं काम आधीच भक्कम उभं होतं.

आपल्याकडे काय आहे? सौंदर्यशास्त्रात मराठी काही दरिद्री नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर अख्खी उपपत्ती उभी केली. रा. भा. पाटणकरांची 'सौंदर्यमीमांसा' १९७४ ची. पाटणकर इंग्रजीचे प्राध्यापक, पण कांट त्यांच्याइतका मुरवून मराठीत आणणारा दुसरा मला माहीत नाही. सुरेंद्र बारलिंगे तर तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक, आणि 'सौंदर्याचे व्याकरण' त्यांचं. या परंपरेत साहित्य आहे, चित्र आणि संगीतही आहे, सिनेमा मात्र जवळपास नाही. तो फिल्म सोसायट्यांच्या वाट्याला गेला : मुंबईत १९६८ पासूनचं प्रभात चित्र मंडळ, आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह. सतीश बहादूर यांनी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवण्याची पद्धत घडवली. चित्रपट थांबवून, शॉट शॉट करत वाचायचा. श्यामला वनारसे मानसशास्त्राकडून याच कामात आल्या. तत्त्वज्ञान विभागातून लॉ कॉलेज रस्त्यावर फारसं कोणी गेलं नाही. पुणे विद्यापीठापासून अंतर रिक्षानं वीस-पंचवीस मिनिटांचं, त्यामुळे दोष वाहतुकीला देता येत नाही.

ही रिकामी जागा तुमची असू शकते. आणि तिथे पोचायला पश्चिमेचंच बोट धरलं पाहिजे असंही नाही. काश्मिरी रससिद्धांतकार अभिनवगुप्तानं रसास्वादात येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणं. नाट्यगृहाची सजावट, गाणं, वाद्यं ही त्यावरची तोड. आता लोकलमध्ये उभ्यानं, मोबाइलवर, मधे दोन व्हॉट्सॲप मेसेज वाचत पाहिलेल्या सिनेमाचं काय? तिथे साधारणीकरण, म्हणजे भाव माझा-तुझा न राहता सगळ्यांचा होणं, होतं का? झालं तर अभिनवगुप्ताची उपपत्ती कुठे दुरुस्त करावी लागेल? नाही झालं तर त्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत येणारं पाणी कशाचं? हा प्रबंधाचा विषय आहे, आणि त्यात तुमच्या सरांना हवं असलेलं 'शास्त्र'ही आहे.

आता नोकरीचं, जे तुम्ही शेवटी विचारलंत. जाहिरात येते ती तत्त्वज्ञानाच्या जागेची, सिनेमाच्या नाही. मुलाखतीत तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय दर्शनं यांवर विचारतील, आणि पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागली तर जो पेपर पदरात पडेल तो शिकवावा लागेल. तेव्हा गाभा पक्का हवाच. प्रबंधाच्या शीर्षकात आणि आराखड्यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न पुढे ठेवा : प्रेक्षकाचं तटस्थ असणं, दुसऱ्याच्या मनाचं ज्ञान, वस्तू आणि कलाकृती यांतला फरक, असं काही. सिनेमा दोन प्रकरणांत येऊ द्या, पण त्या प्रकरणांशिवाय प्रबंध उभाच राहणार नाही अशी बांधणी करा. चित्रपट एक किंवा दोन पुरेत. बारा चित्रपटांची यादी घेऊन गेलात तर आरआरसीतलं (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीतलं) कोणीतरी 'हा विषय मास कॉमचा आहे' म्हणून तुम्हाला शेजारच्या विभागात पाठवेल, आणि त्याचं चुकणारही नाही.

उन्हाळ्यात पुण्यात होणारा फिल्म ॲप्रिसिएशन कोर्स जमला तर करून टाका. त्याचं प्रमाणपत्र गुणांसाठी फारसं कामाचं नाही, पण दृश्य पाहायची शिस्त लागते. लेखन मराठीतही करा. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या 'परामर्श'सारख्या नियतकालिकात सौंदर्यशास्त्राला जागा राहिली आहे, आणि प्रभात चित्र मंडळाच्या 'वास्तव रूपवाणी'चा वाचक वेगळा आहे. एकाच विषयावर दोन्हीकडे लिहून पाहिलंत तर आपलं कुठे पोकळ आहे ते लगेच कळतं.

सरांकडे पुन्हा जाल तेव्हा 'मला सिनेमावर करायचंय' असं म्हणू नका. तुम्हाला छळणाऱ्या एका दृश्याचं पानभर वर्णन न्या, फक्त वर्णन : काय दिसतं, काय दिसत नाही, आवाज कुठून येतो, कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे. खाली दोन ओळींत लिहा की यातून तत्त्वज्ञानाचा कोणता प्रश्न उभा राहतो. सर कांटवाले असतील तर तेच तुम्हाला सांगतील की कांटच्या तिसऱ्या क्रिटिकचं ('क्रिटिक ऑफ जजमेंट', सौंदर्याच्या निर्णयावरचा ग्रंथ) कुठलं कलम आधी वाचायचं, आणि मग मार्गदर्शक बदलायचा की नाही हा प्रश्न बहुधा उरणार नाही.